अचूकतेचा किनारा : अलिबागची चुंबकीय वेधशाळा आणि पृथ्वीच्या परिवलनाचे मापन

अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद ठेवत आली आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४६पासून घेतलेली निरीक्षणे तिला जोडली, तर ही मालिका पावणेदोनशे वर्षांच्या पुढे जाते. इतकी लांब आणि सलग चुंबकीय नोंद जगात मोजक्याच ठिकाणी आहे. ज्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे या वेधशाळेचा कारभार आहे, तिचे मुख्यालय नवीन पनवेल येथे, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. समुद्रस्नानासाठी अलिबागला जाणाऱ्या बहुतेकांना या वेधशाळेची माहिती नसते. पृथ्वीच्या मापनाचा इतिहास मात्र तिच्यावाचून पुरा होत नाही.

पृथ्वी मोजण्याच्या या विद्येची दुसरी शाखा जर्मनी, न्यूझीलंड आणि इटलीत जमिनीखालच्या खोल्यांमध्ये वाढली. तिथे लेसर प्रकाश बंद वलयात फिरवून पृथ्वीच्या परिवलनाचा वेग मोजला जातो. एक शाखा चुंबकत्वाची, दुसरी प्रकाशाची. पण दोन्ही शाखांपुढचे प्रश्न एकच आहेत. उपकरणाच्या आसपासचा गोंगाट कसा टाळायचा, उपकरणाचा स्वतःचा दोष वेगळा कसा काढायचा आणि नोंद वर्षानुवर्षे एकाच मापाची कशी ठेवायची, हे ते प्रश्न होत. शिवाय पृथ्वीच्या द्रवरूप गाभ्यातील हालचालींचा ठसा चुंबकीय क्षेत्रावर उमटतो तसाच दिवसाच्या लांबीवरही उमटतो. त्यामुळे या दोन शाखांचा विचार एकत्र करणे सयुक्तिक ठरते.

घड्याळापासून चुंबकसुईपर्यंत

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६मध्ये मुंबईत कुलाब्याला वेधशाळा उभारली, ती खगोलवेध आणि कालमापनासाठी. बंदरातून निघणाऱ्या जहाजाला बिनचूक वेळ लागे, कारण समुद्रावर रेखांश वेळेवरूनच ठरतो. पृथ्वी ४ सेकंदांत १ कलाभर फिरते. घड्याळ ४ सेकंदांनी चुकले, तर विषुववृत्तावर जहाजाचे स्थान सुमारे १८५० मीटरने चुकते. ठरावीक तारे याम्योत्तरवृत्त ओलांडतात तो क्षण टिपून घड्याळ लावणे ही त्या काळची रीत होती. तारा जागचा हलत नाही, पृथ्वी फिरते. तेव्हा ताऱ्यावरून घड्याळ लावणे म्हणजे पृथ्वीचे परिवलन हेच घड्याळ मानणे. कुलाब्याच्या वेधशाळेचे पहिले काम अशा रीतीने परिवलनाच्या मापनाशीच जोडलेले होते.

चुंबकीय निरीक्षणांना तिथे १८४१मध्ये सुरुवात झाली. एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्याकडे हे काम होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची निरीक्षणे जगभर एकाच पद्धतीने घ्यावीत, अशी मोहीम गाउस आणि वेबर या जर्मन शास्त्रज्ञांच्या प्रेरणेने तेव्हा सुरू झाली होती आणि ब्रिटिश वसाहतींतील वेधशाळा तिच्यात सामील झाल्या होत्या. मराठी वृत्तपत्रसृष्टीचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांचा या वेधशाळेशी संबंध आला. केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे यांनी तर तरुणपणी अनेक वर्षे तिथे निरीक्षकाचे काम केले. केरूनाना मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. पुढे ते पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले, लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून ओळखले गेले आणि १८६०मध्ये त्यांचा ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. निरीक्षणातून आकडा आणि आकड्यातून गणित हा संस्कार त्यांना मिळाला तो कुलाब्याच्या खोल्यांत. त्यांच्या गावाशेजारी पुढे तेच काम जाऊन स्थिरावले, ही रायगडकरांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

त्या काळी चुंबक रेशमी दोऱ्याने टांगत, त्यावर लहान आरसा बसवत आणि दुर्बिणीतून मोजपट्टीचे प्रतिबिंब वाचत. निरीक्षक तासातासाला आकडा टिपून घेई आणि क्षेत्र खवळलेले दिसले की काही मिनिटांच्या अंतराने वाचन होई. वेधशाळेचे प्रमुख चार्ल्स चेंबर्स यांच्या कारकिर्दीत, १८७०च्या दशकात, छायाचित्रण पद्धत आली. आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका फिरत्या प्रकाशसंवेदी कागदावर रेषा उमटवू लागला आणि नोंद अखंड झाली.

ट्रामचे संकट आणि जागेची निवड

१८९६मध्ये नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यापुढे लवकरच मोठे संकट उभे राहिले. मुंबईतील घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवण्याचे घाटत होते. ट्रामला लागणारा एकदिश विद्युतप्रवाह रुळांतून परत येताना काही अंशी जमिनीत पसरतो. अशा भटक्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र वेधशाळेच्या चुंबकांना हलवते आणि पृथ्वीचा बदल कोणता, ट्रामचा कोणता, हे ओळखता येत नाही. ही चूक सरासरी काढूनही पुरती जात नाही, कारण ट्राम रोज ठरल्या वेळी धावते आणि पृथ्वीच्या क्षेत्रातील रोजचा बदलही ठरल्या वेळीच होतो.

उपाय एकच होता, वेधशाळा हलवण्याचा. मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला अलिबागची जागा ठरली. कुलाब्याच्या मालिकेशी तुलना करता येईल इतकी ती जवळ होती आणि शहराच्या विजेपासून पुरेशी दूर होती. पोरबंदरी दगड चुंबकीय गुणधर्माचा नसतो, म्हणून इमारतींसाठी तो वापरला आणि बांधकामातून लोखंड वर्ज्य केले. क्षेत्रातील चढउतार नोंदवणारी उपकरणे एका इमारतीत आणि निरपेक्ष मूल्य मोजण्याची उपकरणे दुसऱ्या इमारतीत, अशी विभागणी झाली. चढउतार नोंदवणाऱ्या खोलीला दुहेरी भिंती घातल्या, कारण चुंबकाची शक्ती तापमानाबरोबर बदलते आणि दिवसाची उष्णता आत शिरली तर तीही नोंदीत उतरते.

मूस यांचा सर्वांत दूरदर्शी निर्णय पुढचा आहे. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा सगळा पट्टा बेसाल्टचा आहे. या खडकात चुंबकीय खनिजे असल्याने थोड्या अंतरावरही क्षेत्राचे मूल्य बदलते. दोन जागांमधला कायमचा फरक मोजून ठेवला नसता, तर कुलाब्याची ६० वर्षांची मालिका १९०६मध्ये संपली असती आणि अलिबागची दुसरी, तिच्याशी न जुळणारी, मालिका सुरू झाली असती. या काटेकोर जोडकामामुळे दोन्ही मिळून एक मालिका झाली. १९०७मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, १९२५मध्ये विजेवरची लोकल आली; अलिबागच्या नोंदीत खंड पडला नाही.

कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या काळातील निरीक्षणांचे दोन भागांतील संकलन मूस यांनी १९१०मध्ये प्रसिद्ध केले. चुंबकीय वादळे कशी सुरू होतात, कशी वाढतात आणि कशी ओसरतात याचा सरासरी आलेख त्यात प्रथमच पद्धतशीरपणे मांडला होता. भूचुंबकत्वाच्या अभ्यासात हा ग्रंथ आजही आधाराला घेतला जातो.

नॅनोटेस्लाचा हिशोब

अलिबागला पृथ्वीचे एकूण चुंबकीय क्षेत्र सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला आहे. वेधशाळेला त्यात १ नॅनोटेस्लाचा आणि त्याहूनही बारीक बदल ओळखायचा असतो. क्षेत्र ही सदिश राशी असल्याने नुसती तीव्रता पुरत नाही, दिशाही लागते. चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांतला कोन म्हणजे दिक्पात, आणि क्षेत्ररेषेने क्षितिजाशी केलेला कोन म्हणजे नती.

आधुनिक वेधशाळेत हे काम तीन उपकरणे वाटून घेतात. फ्लक्सगेट मॅग्नेटोमीटर तीन दिशांतील चढउतार सतत नोंदवतो. त्याची संवेदनशीलता उत्तम असते, पण त्याचे शून्य हळूहळू सरकते. प्रोटॉन मॅग्नेटोमीटर एकूण तीव्रता मोजतो. पाण्यात किंवा केरोसीनसारख्या द्रवात असलेले हायड्रोजनचे प्रोटॉन चुंबकीय क्षेत्रात ठरावीक वारंवारतेने डोलतात. ही वारंवारता दर नॅनोटेस्लाला ०.०४२६ हर्ट्झ, म्हणून अलिबागच्या क्षेत्रात ती सुमारे १८३० हर्ट्झ येते. प्रोटॉनचा हा गुण निसर्गाने ठरवलेला असल्याने या मापनाचे प्रमाण काळानुसार सरकत नाही. तिसरे उपकरण म्हणजे लोहविरहित थिओडोलाइटवर बसवलेला फ्लक्सगेट. निरीक्षक तो हाताने फिरवून क्षेत्राची दिशा शोधतो. दुर्बिणीवर संवेदक एकदा वर, एकदा खाली, एकदा पूर्वेला, एकदा पश्चिमेला असे चार वेळा वाचन करून तो सरासरी काढतो. असे केले की दुर्बीण आणि संवेदक यांच्या अक्षांतील तिरपेपणा आणि संवेदकाचे चुकीचे शून्य एकमेकांना काटतात.

या चार वाचनांच्या रीतीत अचूक मापनाचे मुख्य सूत्र सापडते. निर्दोष उपकरण बनवता येत नाही. दोषाचे चिन्ह उलटेल अशा रीतीने मापन पुन्हा केले, तर दोष आपणहून बाजूला होतो. अखंड चालणाऱ्या यंत्राच्या नोंदीला निरीक्षकाने हाताने घेतलेल्या निरपेक्ष वाचनाचा पाया मिळतो, तेव्हाच आजचा आकडा ५० वर्षांपूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. अलिबागची वेधशाळा ‘इंटरमॅग्नेट’ या जागतिक जाळ्यात आहे. या जाळ्याची अट अशी की पायाभूत मूल्य ५ नॅनोटेस्लाच्या आत विश्वसनीय असावे. ४३ हजारांत ५ हे प्रमाण टिकवायला यंत्राइतकीच माणसाची शिस्तही लागते.

नोंदीत काय दिसते

शांत दिवशी अलिबागचा आलेख पाहिला, तर क्षेत्राचा आडवा घटक सकाळपासून चढत जातो, दुपारच्या सुमारास कमाल गाठतो आणि संध्याकाळी उतरतो. हा फरक काही दशक नॅनोटेस्लाचा असतो. जमिनीपासून सुमारे १०० किलोमीटर उंचीवर, आयनांबरात, सूर्यप्रकाशामुळे हवा विद्युतवाहक बनते आणि तिथल्या वाऱ्यांमुळे तिच्यात विद्युतप्रवाह वाहतात. पृथ्वी फिरते तशी वेधशाळा रोज या प्रवाहांच्या खालून जाते. त्यामुळे परिवलनाची २४ तासांची लय चुंबकीय नोंदीत रोज उमटते. चंद्राच्या भरतीचाही असाच, पण फार क्षीण परिणाम असतो. अवघ्या काही नॅनोटेस्लाचा हा परिणाम चेंबर्स यांनी कुलाब्याच्या अनेक वर्षांच्या आकड्यांतून वेगळा काढला आणि १८८७मध्ये प्रसिद्ध केला. एका दिवसाच्या आलेखात तो दिसणे शक्य नव्हते.

दक्षिणेकडे तिरुनेलवेलीजवळ चुंबकीय विषुववृत्ताच्या डोक्यावर दिवसा अतिशय तीव्र विद्युतप्रवाहाचा अरुंद पट्टा वाहतो. अलिबाग त्या पट्ट्याच्या बाहेर आहे. म्हणून तिरुनेलवेलीच्या आडव्या घटकातून अलिबागचा आडवा घटक वजा केला की दोन्ही ठिकाणी सारखे असणारे परिणाम निघून जातात आणि पट्ट्याची ताकद उरते. भारतीय संशोधनात ही वजाबाकी नित्याची झाली आहे. चुंबकीय वादळांची जागतिक तीव्रता मिनिटामिनिटाला सांगणारा जो निर्देशांक काढला जातो, त्याच्या वेधशाळांतही अलिबागचे नाव आहे.

दीर्घ नोंदीचे सर्वांत मोठे उदाहरण १८५९चे आहे. त्या वर्षी १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर तीव्र उफाळा पाहिला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर ज्ञात इतिहासातील सर्वांत मोठ्या वादळांपैकी एक उसळले. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत छायाचित्रणाने नोंद होत होती, पण प्रकाशाचा ठिपका कागदाबाहेर गेला. कुलाब्यात निरीक्षक डोळ्यांनी आकडे वाचून लिहून घेत होते. त्यांच्या वहीत आडव्या घटकाची सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण उतरली. २००३मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्स लखीना आणि शोभना अलेक्स यांनी या आकड्यांवरून त्या वादळाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. आज उपग्रह आणि वीजवाहिन्यांना सौर वादळाचा धोका किती, याचा अंदाज करताना जगभरचे अभ्यासक कुलाब्याच्या त्या वहीकडे वळतात.

दिवस नेहमी सारखा नसतो

आर्यभटाने इसवी सन ४९९मध्ये युगाच्या ४३,२०,००० वर्षांत पृथ्वीच्या १,५८,२२,३७,५०० प्रदक्षिणा स्वतःभोवती होतात असे सांगितले. त्यावरून एका फेरीचा काळ २३ तास ५६ मिनिटे ४.१ सेकंद येतो. आजचे मूल्यही ४.१ सेकंदच आहे. इतक्या अचूकतेनंतर पुढचा प्रश्न असा येतो की हा वेग कायम असतो का.

तो कायम नसतो. समुद्राच्या भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वी मंदावते आणि दिवस शंभर वर्षांत सुमारे १.७ मिलिसेकंदांनी लांबतो. वारे ऋतूप्रमाणे बदलतात तेव्हा वातावरण आणि घन पृथ्वी यांच्यात कोनीय संवेगाची देवघेव होते आणि दिवस सुमारे १ मिलिसेकंदाने कमीजास्त होतो. १९७२पासून घड्याळे पृथ्वीशी जुळवून घेण्यासाठी २७ वेळा लीप सेकंद घालावा लागला. शेवटचा २०१६च्या अखेरीस घातला; भारतात तेव्हा १ जानेवारी २०१७च्या पहाटेचे साडेपाच वाजत होते. त्यानंतर पृथ्वीचा वेग किंचित वाढला.

दशकांच्या मापावर होणारे काही मिलिसेकंदांचे बदल वातावरणाने घडत नाहीत. त्यांचे कारण सुमारे २९०० किलोमीटर खोलीवर सुरू होणाऱ्या द्रवरूप लोखंडी गाभ्यात आहे. गाभ्याचा प्रवाह वेगळ्या गतीने फिरू लागला, की वरच्या प्रावरणाला त्याची भरपाई करावी लागते आणि दिवसाची लांबी बदलते. हाच प्रवाह पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. वेधशाळांच्या दीर्घ नोंदींतून क्षेत्राच्या बदलाचा दर काढला, तर त्यावरून गाभ्यातील प्रवाहाचा अंदाज येतो. या अंदाजावरून काढलेला दिवसाच्या लांबीतील बदल खगोलीय मापनाशी बऱ्याच अंशी जुळतो. चुंबकीय बदलाच्या दराला अचानक वळण लागते, अशा घटनांचा आणि दिवसाच्या लांबीतील सुमारे ६ वर्षांच्या आंदोलनाचा संबंधही अभ्यासकांनी दाखवला आहे. चुंबकीय वेधशाळा आणि परिवलनमापन यांची गाठ अशी पृथ्वीच्या पोटात पडते.

लेसरचे वलय

परिवलन मोजायला आकाशाकडे पाहावेच लागते असे नाही. १८५१मध्ये लेआँ फूको यांनी पॅरिसमध्ये ६७ मीटर लांबीचा लंबक टांगून पृथ्वी फिरते हे बंद इमारतीत दाखवले. पुण्याच्या आयुका संस्थेतही असा लंबक आहे. त्याच्या आंदोलनाची पातळी एक फेरी पुरी करायला सुमारे ७५ तास घेते, कारण पुण्याच्या अक्षांशावर उभ्या दिशेभोवती पृथ्वीच्या परिवलनाचा सुमारे ३२ टक्केच भाग येतो.

प्रकाशाने हेच करता येते. बंद मार्गावर एक किरण डावीकडून आणि एक उजवीकडून सोडला आणि तो मार्ग फिरत असला, तर फिरण्याच्या दिशेने जाणाऱ्या किरणाला किंचित जास्त अंतर कापावे लागते. झॉर्झ साग्नाक यांनी १९१३मध्ये हा परिणाम प्रयोगाने दाखवला. १९२५मध्ये मायकेलसन आणि गेल यांनी शिकागोजवळ निर्वात नळांचा सुमारे ६१२ मीटर लांब आणि ३३९ मीटर रुंद आयत उभारून पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम मोजला. त्यांना व्यतिकरण पट्ट्यांचे सरकणे ०.२३० भरले, गणिताने ०.२३६ यायला हवे होते. एवढ्या प्रचंड रचनेतून मिळालेली अचूकता काही टक्क्यांचीच होती.

लेसर आल्यावर चित्र पालटले. १९६३मध्ये मॅसेक आणि डेव्हिस यांनी वलयातच लेसर निर्माण करून दाखवला. अशा वलयात दोन विरुद्ध किरणांच्या वारंवारता थोड्या वेगळ्या होतात आणि ते एकत्र आणले की स्पंद ऐकू यावेत तसे मोजता येतात. पट्टीचे सरकणे मोजण्याऐवजी स्पंद मोजायचे, हा बदल निर्णायक ठरला, कारण माणसाला वारंवारतेइतकी अचूक दुसरी कोणतीच राशी मोजता येत नाही. प्रोटॉन मॅग्नेटोमीटरचे यशही याच तत्त्वावर उभे आहे.

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चजवळ, दुसऱ्या महायुद्धातील भुयारांत, १९९०च्या दशकापासून मोठी वलये बांधली गेली. त्यांतील एकाचे क्षेत्रफळ ८३४ चौरस मीटर होते. आकार वाढला की स्पंद वाढतात. पण इतक्या मोठ्या रचनेचे आरसे एकमेकांच्या जागी स्थिर राहत नाहीत आणि मिळालेला फायदा त्या अस्थिरतेत जातो. २०११च्या भूकंपानंतर त्या भुयारातील काम थांबले. जर्मनीत बव्हेरियातील वेट्झेल येथे उलट मार्ग धरला गेला. तिथले ‘जी’ नावाचे वलय फक्त ४ मीटर बाजूचे आहे, पण ते तापमानाने जवळजवळ न फुगणाऱ्या झेरोडूर या काचसदृश पदार्थाच्या एका घडणीवर बसवले आहे. ते २००१पासून जमिनीखालच्या खोलीत आहे आणि दाब नियंत्रित केलेल्या पात्रात ठेवले आहे. त्यात सेकंदाला सुमारे ३४८.५ स्पंद येतात.

चुका एकेक करून काढणे

दिवसाची लांबी १ मिलिसेकंदाने बदलली, तर हे ३४८.५ स्पंद केवळ ४ दशलक्षांश हर्ट्झने बदलतात. म्हणजे ८ कोटी ६४ लाख स्पंद मोजल्यावर एकाचा फरक पडतो, आणि तितके स्पंद यायला जवळजवळ ३ दिवस लागतात. या पातळीवर पोहोचण्यासाठी चार मुख्य दोषांशी झुंजावे लागले.

पहिला दोष आरशांचा. प्रत्येक आरसा थोडा प्रकाश उलट विखुरतो. एका दिशेच्या किरणातील हा प्रकाश विरुद्ध किरणात मिसळला, की दोन्ही वारंवारता एकमेकींना ओढतात. विमानातल्या लहान वलयांत तर मंद फिरताना दोन्ही किरण एकाच वारंवारतेला अडकून पडतात. ते टाळण्यासाठी वलय मुद्दाम हलवत ठेवावे लागते. मोठ्या वलयात पृथ्वीचे फिरणेच किरणांना वेगळे ठेवते, तरी ओढ थोडी उरतेच. दोन्ही किरणांची तीव्रता स्वतंत्र मोजून ही ओढ किती हे गणिताने काढता येते आणि स्पंदांतून वजा करता येते. दुसरा दोष परिमितीचा. हवेचा दाब आणि तापमान बदलले, की वलयाची लांबी बदलते, म्हणून पात्रातील दाब असा राखतात की लेसरची वारंवारता एका प्रमाण वारंवारतेशी जुळलेली राहावी. तिसरा दोष लेसरच्या वायूचा. त्याची प्रवर्धनशक्ती सरकली, की दोन दिशांत असमानता येते.

चौथा दोष जमिनीच्या कलण्याचा, आणि तो अक्षांशावर अवलंबून असतो. आडवे वलय पृथ्वीच्या परिवलनाचा फक्त उभ्या दिशेतील भाग जाणते. उत्तर-दक्षिण दिशेने ते किंचित कलले, तर हा भाग बदलतो आणि पृथ्वीचा वेगच बदलला असा भास होतो. वेट्झेलला सुमारे १३ नॅनोरेडियन कलण्याने १ मिलिसेकंदाचा खोटा बदल दिसतो. म्हणून वलयाबरोबर संवेदनशील कलमापक ठेवतात आणि चंद्र-सूर्यामुळे घन जमिनीला येणाऱ्या भरतीचाही हिशोब करतात.

या सगळ्या कष्टांचे फळ टप्प्याटप्प्याने मिळाले. २०११मध्ये ‘जी’ वलयाने पृथ्वीच्या अक्षाच्या डुलण्याचे, म्हणजे चँडलर आणि वार्षिक डोलाचे, थेट मापन केले. २०२३मध्ये उलरिक श्रायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२० दिवसांच्या अखंड नोंदीतून दिवसाच्या लांबीतील बदल काही मिलिसेकंदांच्या पातळीवर ओळखल्याचे प्रसिद्ध केले. दूरच्या क्वासारांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी अनेक खंडांतील दुर्बिणींनी एकत्र टिपण्याची पद्धत आजही अधिक अचूक आहे. पण तिला जागतिक जाळे लागते आणि निकाल हाती यायला वेळ जातो. लेसरचे वलय एकाच खोलीतून, सतत आणि तत्काळ मापन देते. म्युनिकजवळ फ्युर्स्टेनफेल्डब्रुक येथे ‘रोमी’ हे चार त्रिकोणी वलयांचे उपकरण बांधले गेले, त्यामुळे परिवलनाचा वेग आणि दिशा दोन्ही एकाच ठिकाणी मोजता येतात. ते जुन्या भूभौतिक वेधशाळेच्या आवारात आहे आणि तिथे चुंबकीय निरीक्षणेही होतात.

रायगडच्या अक्षांशावर

असे वलय अलिबागच्या अक्षांशावर कसे वागेल, हे गणिताने सांगता येते. अलिबाग १८ अंश ३८ कला उत्तर अक्षांशावर आहे. वेट्झेलसारखे ४ मीटरचे आडवे वलय तिथे सेकंदाला सुमारे १४७ स्पंद देईल, वेट्झेलच्या निम्म्याहूनही कमी. कलण्याचा त्रास मात्र साडेतीन पटींच्या जवळ वाढेल; ४ नॅनोरेडियन कलणेही १ मिलिसेकंदाचा खोटा बदल दाखवायला पुरेल. इतके कलणे म्हणजे १ किलोमीटर लांबीच्या सपाट पट्टीचे एक टोक ४ मायक्रॉन उचलणे. अलिबागला भरती-ओहोटीत समुद्राची पातळी मीटरांनी बदलते. ओहोटीला किनाऱ्यासमोरच्या कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते आणि भरतीला तोच किल्ला पाण्याने वेढला जातो. दिवसातून दोनदा इतक्या पाण्याचा भार किनाऱ्यावर येतो आणि उतरतो, तेव्हा जमीन कलल्यावाचून राहत नाही.

वलय आडवे न ठेवता पूर्व-पश्चिम भिंतीवर उभे केले, तर गणित फिरते. तेव्हा परिवलनाचा ९५ टक्के भाग वलयाला जाणवेल, स्पंद सुमारे ४३७पर्यंत जातील आणि कलण्याचा परिणाम आडव्या वलयाच्या नवव्या हिश्श्यावर येईल. वलयाचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखला, तर पहिल्या पायरीचा परिणाम जवळजवळ नाहीसाच होईल. भारतासारख्या कमी अक्षांशाच्या देशाने परिवलनमापक वलयाचा विचार कधी केला, तर तो उभ्या किंवा ध्रुवाभिमुख रचनेचा आणि समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावरच्या खोल भुयाराचा असावा, असे हे आकडे सांगतात. किनारा त्या कामाचा नव्हे. चुंबकीय मापनाला हाच किनारा सव्वाशे वर्षे मानवला, कारण त्याला लागणारी शांतता वेगळ्या जातीची आहे. जमीन थोडी कलली, तर चुंबकीय मापनाला ते सहन होते. भटकी वीज आणि हलते लोखंड सहन होत नाही.

ही शांतता आपोआप टिकत नाही. वेधशाळेजवळून जाणारी जड वाहने, पोलादी सांगाडा असलेल्या इमारती, एकदिश प्रवाहावर चालणारी यंत्रणा, यांतले काहीही आले तरी ५ नॅनोटेस्लाची अट मोडू शकते. १९०४मध्ये मूस यांना वेधशाळा हलवून दोन वर्षे दुहेरी नोंद घेता आली, कारण संकट वेळीच ओळखले गेले. रायगड जिल्ह्यात रस्ते, पूल, बंदरे आणि वसाहती झपाट्याने वाढत आहेत. अशा वेळी अलिबागच्या वेधशाळेभोवतीची चुंबकीय शांतता ही सार्वजनिक मालमत्ता मानून विकास आराखड्यांत तिची नोंद व्हायला हवी. जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना केरूनाना छत्रे आणि नानाभाई मूस यांचे काम सांगावे आणि त्या आलेखांचे वाचन शिकवावे. उपकरण बिघडले तर नवे घेता येते. वाहून गेलेल्या दिवसाची नोंद पुन्हा घेता येत नाही. म्हणून अलिबागची मालिका तुटू न देणे, हे रायगडचे आणि महाराष्ट्राचे कर्तव्य आहे.